ज्याचं शेण त्याचा गॅस

निखाडे सरांना राग आला की त्यांची भाषा बदलायची. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, "उष्णतेचे वहन" वगैरे अगदी नीट म्हणत. पण डोकं फिरलं की सगळं पुस्तक गळून पडायचं आणि त्यांच्या आईची भाषा वर यायची. शिक्षकांच्या खोलीत बसून दूरच्या वर्गातला आवाज ऐकू आला, तरी मी सांगू शकत असे की आज काही खरं नाही.

तळेगावच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. सत्तरच्या दशकाचा मधला काळ असेल. शाळेत वीज होती, म्हणजे तारा होत्या, पंखे होते, आणि मनात येईल तेव्हा वीजही येत असे. निखाडे सर उंच आणि पुढे झुकलेले, वाऱ्याला तोंड देत चालल्यासारखे. खांद्याला खादीची झोळी असे. तिच्यात पुस्तकं कमी आणि नट आवळायचे पाने, पकडी, सुतळीचे तुकडे जास्त. चहा बशीत ओतून एका घोटात संपवत आणि बशी अशी आपटत की शिपाई गणपत दरवेळी ती उचलून तडा गेला का ते पाहत असे. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की आधी तो बंद करायचे आणि मग त्या वर्गाच्या शिक्षकाला शोधत यायचे.

"घरी चुलीत असाच जळता इस्तो सोडून येता का तुमी?"

समोरचा हसला तर संपलंच. "हसू नका. वीज दिसत नाई म्हनून कोनाले तिची लाज वाटत नाई. थे तिकडं कोनाच्या तरी छातीतून येते."

छातीतून येते, हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. मला वाटायचं, रागात माणूस काहीही बोलतो. मग एकदा परीक्षेच्या दिवसांत, पेपर तपासता तपासता, त्यांनी सांगितलं. शिक्षक होण्याआधी ते कोळशावर चालणाऱ्या एका वीजघरात कामाला होते. कोळसा जळाल्यावर उरणारी राख पाण्यात कालवून पाइपाने लांब एका तळ्यात सोडत, त्या पाइपावर. एका पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटला आणि राख खालच्या वस्तीच्या विहिरीत गेली. साहेबांनी सांगितलं, राख म्हणजे मातीच की, बसेल खाली.

"बाई, तिथली एक म्हातारी बादली काढे, अन् घागरीच्या तोंडावर फडकं धरून पानी गाळे. पुन्हा काढे, पुन्हा गाळे. मी साहेबाले म्हटलं, थे म्हातारी तुमची माय असती तर? त्यानं मले म्हटलं, निखाडे, तुम्ही भावनाप्रधान आहात." एवढं बोलून त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. "मी त्याची कॉलर धरली. मंग नोकरी राह्यते का?"

त्यांचा खोकलाही तिथलाच होता. पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

वर्ध्याला एकदा ग्रामीण भागातल्या ऊर्जेवर सभा होती. शाळेने आम्हा दोघांना पाठवलं. मला कशासाठी, हे मुख्याध्यापकांनी जाताना हळूच सांगितलं: "बाई, त्यांना जरा आवरा."

सभागृहाच्या बाहेर अंगणात सूर्यचूल मांडली होती. काळी पेटी, वर काच, आत तांदूळ. दुपारी सगळ्यांनी तो भात खायचा होता. नेमकं आभाळ भरून आलं. जेवणाच्या वेळेला काच उघडली, तर तांदूळ पाण्यात भिजून बसलेले. खादीतले एक वृद्ध कार्यकर्ते, साऱ्या सभेला ज्यांच्याबद्दल आदर होता, हसून म्हणाले, "हरकत नाही. निसर्गाच्या वेळेने जेवायला आपण शिकलं पाहिजे. आपल्या गरजा कमी झाल्या पाहिजेत."

लोक माना डोलवत होते. निखाडे सर उभे राहिले. मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली, ती त्यांनी झटकली.

"दिवस बुडाल्यावर वावरातून जे बाई घरी येते, तिनं कोनत्या टायमाले जेवाचं? तुमच्या निसर्गाले इचारून सांगा. अन् गरजा कमी करा म्हनता थे कोनाले म्हनता? जिच्या घरी कंदिलात तेल नाई, तिनं आखीन काय कमी करावं?"

व्यासपीठावर विजेच्या खात्यातले एक मोठे इंजिनिअर बसले होते. त्यांना बरं वाटलं. माईक ओढून ते म्हणाले, "मी सकाळपासून हेच सांगतो आहे. सूर्य, वारा, शेण, हे सगळं ठीक आहे. पण देश कोळशावरच चालणार."

"तुमी खाली बसा!" निखाडे सर इतक्या जोराने ओरडले की मागच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं. "तुमच्या तारा आमच्या वावरावरून जाते. टॉवरच्या खाली टोली हाय, गरिबायच्या झोपड्या हाय, तिथं अंधार हाय. मोठ्या शहरात दिवे लागावे म्हनून आमी राख खावी, अन् वरून तुमी आमाले देश शिकवता? अन् तुमी," पुन्हा खादीकडे वळून, "ऊन दिवसा पडते अन् दिवा लागते दिवस बुडाल्यावर. तवरपरयंत थे ऊन ठेवाचं कुठं, यावर सकाळपासून एक मानूस तरी बोलला का?"

एकही माणूस बोलला नव्हता, हे खरंच होतं. पण सभेला त्यांचं म्हणणं लक्षात राहिलं नाही, ओरडणं राहिलं. आयोजकांनी आम्हाला फार नम्रपणे दाराकडे नेलं.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. काचेवर धूळ साचली होती. तिच्यावर बोटाने त्यांनी एक विहीर काढली आणि विहिरीत पालथं घातलेलं पिंप काढलं. "गोबरगॅस," ते म्हणाले. "खाली शेन सडते. गॅस झाला का थे पिंप आपोआप वर येते. सयपाक झाला का खाली बसते. गॅस राह्यते जमा, दिवसा बी अन् राती बी. बॅटरी नाई, कोळसा नाई, साहेब नाई." त्यांचा आवाज उतरला होता. रागावलेल्या माणसाला एखादी गोष्ट इतकी आवडू शकते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती गोष्ट त्यांनी मोहदरीत करून दाखवली. मोहदरी आमच्यापासून सायकलने जाण्याजोगं गाव. तिथले सरपंच बाबाराव पाटील धडपडे होते, योजना आणण्यात हुशार. साऱ्या गावाचा मिळून एक मोठा गॅस प्लँट करायचं ठरलं. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या निखाडे सर तिथेच होते. खड्डा खणताना, विटा रचताना, लोखंडी पिंपाला रंग देताना. गवंड्याशी भांडत, लोहाराशी भांडत, पाइप वाकडा बसला म्हणून स्वतःशीही भांडत. पहिल्या दिवशी शेगडी पेटवायला मला बोलावलं. निळी ज्योत, धूर नाही, वास नाही. बाबारावांच्या सूनबाई नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांनी भांडं चढवलं आणि पदराने डोळे पुसले, धूर नसताना. सर अंगणात पाठ करून उभे होते. त्यांनाही डोळे पुसायचे असावेत.

वर्षभर मोहदरीचं नाव झालं. जीपमधून लोक पाहायला येत.

मग एके दिवशी मैनाबाई उईके शाळेत आली. मोहदरीच्या टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या, टॉवरखालच्या वस्तीत राहणारी, पन्नाशीची, काटक बाई. तिच्यासोबत तिची सून होती. दोघी एकमेकींशी गोंडीत बोलत होत्या. मैनाबाईच्या कमरेवर टोपलं होतं, रिकामं. ती थेट शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"निखाडे गुरजी कोन?"

"मी."

"तो गॅस तुमीच केला नं मोहदरीले?"

सरांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, ही आभार मानायला आली. "हो, हो. या ना, बसा."

ती बसली नाही. "गुरजी, मी आता काय जाळू?"

सरांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मग तिने सांगितलं. गावाची जनावरं सकाळी जिथे गोळा होतात त्या आखरावर आणि रानाच्या वाटेवर पडलेलं शेण टोलीतल्या बाया वेचत आल्या होत्या. कोणी कधी हटकलं नव्हतं. त्याच्या गोवऱ्या थापून त्यांचा स्वयंपाक व्हायचा. प्लँट झाला आणि शेणाला भाव आला. बाबारावांनी आखरावर माणूस बसवला. शेण आता गावाचं, म्हणजे ज्यांची जनावरं त्यांचं. मैनाबाईकडे गाय नाही, बैल नाही, एक कोंबडी होती. रानात लाकूड आणायला गेली तर राखणदाराने कुऱ्हाड हिसकून घेतली.

"पाटलाच्या घरचा धूर गेला म्हनते," ती म्हणाली. "आमच्या घरचा बी गेला, गुरजी. पेटवाले काई नाई तं धूर कायचा निघंल?"

ती मोठ्याने बोलली नाही. टोपलं तिने सरांच्या टेबलावर ठेवलं, वह्यांच्या शेजारी, आणि सुनेला घेऊन निघून गेली. तास वाजला तरी सर उठले नाहीत. गणपत टोपलं उचलायला आला, तर म्हणाले, "राहू दे."

त्याच आठवड्यात मोहदरीच्या चावडीवर बैठक झाली. मीही गेले होते, कारण सरांनी "चला, बाई" एवढंच म्हटलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवलं नाही. त्यांनी मांडलं ते सरळ होतं. टोलीपर्यंत पाइप न्या, त्यांनाही गॅस द्या. त्या बाया शेण कालवायचं काम करतील. नाहीतर आखर मोकळं सोडा.

बाबाराव तक्क्याला टेकून बसले होते. "सर, तुमी शिकेल मानूस. पन हिशोब सोपा हाय. ज्याचं शेन त्याचा गॅस."

"आखरावरचं शेन तुमचं कवा झालं? पयले तं कोनी उचलत नोतं."

"पयले त्याचा उपेग नोता."

"म्हनजे उपेग म्या दाखवला, अन् मालक तुमी झाले?"

"आता तुमाले काऊन तरास होऊन राह्यला? तुमचं काम झालं नं." बाबाराव हसले. वाईट हसले नाहीत, एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तसे हसले. "टोलीतले लोक पिढ्यानपिढ्या काटक्या जाळत आले. त्यायले सवय हाय."

निखाडे सर उठले. मला वाटलं, आता कॉलर धरतात. पण ते चावडीच्या पायऱ्या उतरून प्लँटकडे चालू लागले. मागे आम्ही सगळे. दुपारचं ऊन होतं. पिंप काठोकाठ वर आलेलं, गॅसने भरलेलं, त्यांनीच दिलेल्या हिरव्या रंगात चमकत होतं. झोळीतून त्यांनी पाना काढला. "कोनी बिडी पेटवू नका! सारे मांगं व्हा!" असं ओरडले आणि गॅसचा पाइप जिथे जोडला होता तो जोड खोलून टाकला.

सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. घाण वास पसरला. पिंप हळूहळू खाली बसायला लागलं. बाया घराघरातून बाहेर आल्या. बाबारावांच्या सूनबाईंच्या हातात पिठाने भरलेली परात होती. लोक ओरडत होते, एकाने सरांना ढकललं, ते पडले, पुन्हा उठून पिंपासमोर उभे राहिले. त्यांचा ओठ फुटला होता. जे पिंप वर येताना पाहून त्यांचे डोळे भरले होते, ते तळाला लागेपर्यंत त्यांनी तिथून नजर हलवली नाही.

याचा काही उपयोग झाला का? नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्या माणसाने जोड बसवला, भोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं, कुलूप लागलं. बाबाराव शाळेत येऊन गेले. मुख्याध्यापकांनी सरांना मोहदरीत पाऊल ठेवायला बंदी केली. जीपमधून येणाऱ्या पाहुण्यांना कुंपणाचं कारण सांगितलं गेलं, चोऱ्या होतात म्हणून. चोर कोण होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

सर बंदी पाळणारे नव्हतेच. पुढच्याच सुट्टीत ते टोलीवर गेले, नवी कल्पना घेऊन. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांच्यासाठी संडास बांधायचे आणि त्याच्यावर गॅस चालवायचा. कुठे कुठे असे प्रयोग झालेही होते. त्यांनी मैनाबाईच्या अंगणात बसून काडीने मातीत नकाशा काढला, सारं समजावलं. टोलीतल्या बाया घोळका करून ऐकत होत्या. मैनाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हनजे पाटलाच्या घरी गाईचा गॅस," ती म्हणाली, "अन् आमच्या घरी गुवाचा?"

"अवो, ज्योत सारखीच राह्यते! निळीच! इज्ञानात काई फरक नाई..."

"मंग पाटलाच्या घरी लावा नं पयले."

बाया हसल्या. सर संतापले. तुम्हाला अक्कल नाही, तुमचं भलं कळत नाही, असं काहीबाही बोलले आणि झोळी उचलून तरातरा निघाले. टोलीच्या बाहेर चिंचेखाली मी त्यांना गाठलं. ते झाडाला हात लावून उभे होते. "बाई," ते म्हणाले, "वीजघरातल्या त्या साहेबानं मले जे म्हटलं होतं, थेच मी आता तिले म्हटलं. फक्त शब्द येगळे."

त्यानंतर त्यांनी टोलीसाठी काय हवं ते ठरवणं सोडून दिलं. मैनाबाईला विचारलं. ती म्हणाली, चुलीचं आम्ही पाहू, पोरांना दिवा द्या. तारेचा दिवा, जसा शाळेत आहे तसा.

तारेचा दिवा, म्हणजे कोळशाचा दिवा. ज्या विजेला त्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या, तिचा एक खांब मागायला निखाडे सर वर्ध्याच्या विजेच्या कचेरीत जायला लागले. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, सायकल स्टँडवर लावून, पुढे एस.टी.ने. एकदा मी सोबत होते. तिथल्या एका साहेबाने त्यांना ओळखलं. त्या सभेत तो हजर होता.

"अरे, तुम्हीच ना ते? कोळशाच्या विरोधात भाषण करणारे?" त्याला मजा वाटत होती. "आता आमच्याकडे कसे काय आलात?"

"हो, मीच थो," सर म्हणाले. "इरोधातच हाय. मरेपरयंत राहीन. खांब द्या."

"टोली योजनेत बसत नाही."

"टॉवर बसला नं तिच्या उरावर? थो कसा बसला?"

साहेबाने फाइल मिटली. सर तिथल्या बाकावर बसून राहिले. असे ते किती वेळा बसले, कोण जाणे. कचेरीतली माणसं बदलली, टेबलं बदलली. खांब आला तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खोकल्याने त्यांना पार वाकवलं होतं. तार टोलीत पोचली, बल्ब लागले, पोरांनी नाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, आणि नंतर ती बहुतेक संध्याकाळी जातच राहिली. डोक्यावर टॉवरच्या तारा मात्र गुणगुणत असत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते टोलीवरच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी बदली झाली होती आणि निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले तर ते घरी नव्हते. मैनाबाईच्या झोपडीत सापडले. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, ओली लाकडं धुमसत होती. सर भिंतीला टेकून गोणपाटावर बसले होते. त्यांच्यासमोर तालुक्याहून आलेला एक तरुण अधिकारी उकिडवा बसून बोलत होता. सरकारची नवी बिनधुराची चूल आली होती. तो उत्साहाने सांगत होता, किती लाकूड वाचतं, डोळ्यांना कसा आराम पडतो, धुराडं कसं बसवायचं. सारं सरांकडे पाहून सांगत होता. शेजारी मैनाबाई फुंकणीने चूल फुंकत होती.

"सर, तुम्हाला तर हे सगळं माहीतच आहे," तो म्हणाला.

"मले काऊन सांगून राह्यला तू?" सर ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता, तरी अधिकारी दचकून मागे सरकला. "चूल माही हाय का? तिची हाय. तिले इचार! तिले पाह्यजे का, कशी पाह्यजे, कुठं पाह्यजे, थे इचार! अन् नाई म्हटली तं गप उठून जायजो!"

खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. मैनाबाईने फुंकणी खाली ठेवली, तांब्याभर पाणी त्यांच्याकडे सरकवलं आणि त्या पोराकडे वळली. तो पहिल्यांदाच तिच्याकडे पाहत होता.

"बस नीट," ती म्हणाली. "पयले हे सांग, तुया मायच्या घरी हे चूल लावली का?"

पोरगा खाली पाहायला लागला. मग त्याने मांडी घातली. मैनाबाई विचारत गेली. चूल फुटली तर दुरुस्त कोण करेल, मोठं भांडं बसेल का, पावसात धुराड्यातून पाणी गळेल का. तो सांगत गेला, अडखळत, मधेच "ते विचारून सांगतो" म्हणत.

माझ्या एस.टी.ची वेळ झाली होती. मी दारातून सरांना नमस्कार केला. त्यांनी हात वर केला, पण पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या दोघांच्या बोलण्याकडे होतं. वारा फिरला होता. चुलीचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता आणि ते तिथून हलत नव्हते.